ल्यूटची साथ आणि गाणाऱ्याचा सूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्यूटवर गाणाऱ्यांना साथ करायची म्हटलं की तेच तेच प्रश्न फिरून येतात, अर्धे गाणाऱ्यांचे असतात आणि अर्धे गिटार सोडून ल्यूटकडे वळलेल्यांचे. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून टाकतोय. मधे थोडे आकडे आहेत पण घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पुढे काही नाही.

प्र. ल्यूट म्हणजे नेमकं कुठलं वाद्य, आणि त्याचे पडदे सरकतात म्हणजे काय?

इथे बोलतोय ते साधारण १५०० ते १६३० च्या दरम्यान युरोपात वाजायचं त्या ल्यूटबद्दल. गोल पाठ, खुंट्यांचा भाग मागे मोडलेला, सहा ते दहा जोडतारा, त्यातली सगळ्यात वरची बहुतेक वेळा एकटीच. तारा आतड्याच्या आणि पडदेपण आतड्याचेच, मानेभोवती गुंडाळून गाठ मारलेले, त्यामुळे बोटाने ढकलले की सरकतात. सतारीचे पडदे रागाप्रमाणे वरखाली करतात तसंच, फक्त सतारीवर मुख्य काम बाजाच्या तारेवर चालतं आणि इथे एकच आडवा पडदा सहाच्या सहा जोडतारांना एकदम पुरवावा लागतो. सगळं रामायण इथून सुरू होतं.

नेहमीची 'जी' (G) ल्यूट, म्हणजे वरची तार जी सुराला लावलेली, घेतली तर वरून खाली तारा अशा: जी, डी, ए, एफ, सी, जी. म्हणजे दोन शेजारच्या तारांमधलं अंतर आपल्या भाषेत सा-म, सा-म, मग मधोमध एक सा-ग, मग परत सा-म, सा-म. हा मधला सा-ग लक्षात ठेवा, पुढे तोच त्रास देणार आहे.

प्र. टेम्परामेंट म्हणजे काय, एकदा सोप्या भाषेत सांगा ना.

चांगला जुळलेला तंबोरा ऐकलाय ना? खर्जाच्या तारेतून न छेडता एक गंधार आपोआप ऐकू येतो. तो शुद्ध, म्हणजे षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे पियानोवरच्या एका अर्धस्वराचा शंभरावा भाग). पियानोवरचा गंधार ४०० सेंटवर असतो, म्हणजे १४ सेंट चढा. पंचमाचं तसं नाही, शुद्ध पंचम ७०२ आणि पियानोचा ७००, एवढा फरक बहुतेकांच्या कानाला लागत नाही.

आता गंमत बघा. चार शुद्ध पंचम एकावर एक रचले आणि दोन सप्तकं खाली आलं की गंधार मिळतो, पण तो येतो ४०८ सेंटवर. शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ २२ सेंट वर. ह्या जास्तीच्या तुकड्याला कॉमा म्हणतात आणि तो कुठे जिरवायचा याचं जे ठरलेलं गणित ते टेम्परामेंट. इक्वल टेम्परामेंटमध्ये बाराही अर्धस्वर सारखे, त्यामुळे सगळेच गंधार थोडे थोडे चढे. मीनटोनमध्ये पंचम मुद्दाम उतरवतात आणि त्या बदल्यात गंधार गोड होतो: क्वार्टर कॉमा मीनटोनमध्ये प्रत्येक पंचम पाव कॉमा उतरवला की गंधार बरोबर ३८६ वर बसतो, सिक्स्थ कॉमामध्ये पंचम एक षष्ठांश कॉमाच उतरवायचा, मग गंधार ३९३ वर, म्हणजे पियानो आणि शुद्ध यांच्या अधेमधे. बाकी प्रकार भरपूर आहेत पण गाण्याच्या साथीला हे तीन कळले की काम भागतं.

प्र. मग मीनटोन लावून टाका, अडचण काय आहे?

अडचण ही की मीनटोनमध्ये अर्धस्वर दोन साइझचे असतात. सी ते सी शार्प लहान, ए ते बी फ्लॅट मोठा (शार्प म्हणजे अर्धा स्वर चढवलेला, फ्लॅट म्हणजे अर्धा उतरवलेला). सिक्स्थ कॉमामध्ये लहान साधारण ८९ सेंट आणि मोठा १०८. हार्प्सिकॉर्डवाल्याला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) काय, प्रत्येक पट्टीची तार वेगळी, हवी तशी जुळवली. ल्यूटचा पहिला पडदा मात्र खालच्या सी तारेवर सी शार्प देतो (लहान हवा), एफ तारेवर एफ शार्प (लहानच हवा), आणि ए तारेवर बी फ्लॅट, डी तारेवर ई फ्लॅट (दोन्ही मोठे हवेत). पडदा एकच.

किती फरक पडतो ते मिलिमीटरमध्ये सांगतो म्हणजे पटेल. तारेची लांबी ६० सेमी धरली तर लहान अर्धस्वरासाठी पहिला पडदा नटपासून (खुंट्यांजवळची पट्टी, जिच्यावरून तारा मानेवर येतात) ३० मिमीवर हवा आणि मोठ्यासाठी ३६ मिमीवर. इक्वलमध्ये तो येतो साधारण ३४ मिमीवर. सहा मिलिमीटर म्हणजे डोळ्यांनी सहज दिसणारा फरक आहे, कुणी म्हणालं की एवढ्याने काय होतंय तर त्याला पडदा सरकवून ऐकवा.

प्र. जुन्या काळी ल्यूट नक्की कशात जुळवायचे, इक्वल की मीनटोन?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की दोन्ही चालायचं, आणि लिहिणारे एक सांगायचे, वाजवणारे कानाने दुसरं करायचे.

इक्वलच्या बाजूने पुरावा दणकट आहे. निकोला विचेंतिनो हा इटालियन संगीतकार १५५५ साली लिहितो की ल्यूट आणि व्हायोलवर (गजाने वाजवायचं पडद्यांचं वाद्य) अर्धस्वर सारखे असतात आणि म्हणून कीबोर्डच्या वाद्यांशी त्यांचं जमत नाही. विंचेंझो गॅलिलेई, म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओचा बाप, स्वतः ल्यूटवादक, त्याने १५८१ साली हिशेबच दिला की प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा. ६० सेमीच्या तारेवर पहिला पडदा मग ३३.३ मिमीवर येतो, इक्वलच्या अगदी जवळ. बारा पडदे असे बांधले तर सप्तक कागदावर १२-१३ सेंट कमी पडतं, पण तार दाबली की ताण वाढून सूर थोडा चढतोच, त्यामुळे हाताखाली ते जमून जातं. वाजवणाऱ्याने काढलेला नियम आहे हा, नुसत्या गणितज्ञाचा नाही.

दुसऱ्या बाजूला लुइस मिलान आहे. १५३६ साली व्हॅलेन्सियात छापलेल्या त्याच्या एल माएस्त्रो पुस्तकात काही ठिकाणी स्पष्ट सूचना आहे की हे वाजवण्याआधी चौथा पडदा थोडा सरकवा. ते व्हिउएलासाठी (गिटारच्या आकाराचं स्पॅनिश वाद्य), पण व्हिउएलाची जुळणी ल्यूटसारखीच. आता सगळे अर्धस्वर सारखेच ठेवायचे असते तर चौथा पडदा हलवायला कोण सांगेल? शिवाय हान्स गेर्ले (१५३२) आणि १६१० साली रॉबर्ट डाउलंडने छापलेल्या पुस्तकात त्याचा बाप जॉन डाउलंड, दोघांनी पडद्यांची मापं दिलीत आणि दोन्हीकडे सगळे अर्धस्वर सारखे पडत नाहीत. तेव्हा 'ऐतिहासिकदृष्ट्या अचूक' असं एकच उत्तर कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा जपून.

प्र. टास्टिनो काय प्रकार आहे?

पहिल्या पडद्याच्या जवळ एक-दोन तारांखाली चिकटवलेला बारीक जादा पडदा. मोठा अर्धस्वर नेहमीच्या पडद्यावर, लहान टास्टिनोवर. गॅलिलेईने त्याच्यावर टीका केली, म्हणजे तेव्हा लोक वापरत होतेच, नाहीतर टीका कशाला. आज बरेच साथीदार लावतात, विशेषतः एफ आणि सी तारेखाली. डाव्या हाताला थोडी सवय लागते, वेगात वाजवताना बोट भलतीकडे जातं.

टास्टिनो नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे पहिला पडदा किंचित तिरका बांधायचा, खर्जाच्या बाजूला नटकडे आणि वरच्या तारांच्या बाजूला लांब. वर बघा, शार्प लागणाऱ्या तारा खालच्या बाजूला आहेत आणि फ्लॅट लागणाऱ्या वरच्या, त्यामुळे तिरका पडदा नशिबाने बरोबर दिशेने मदत करतो. बघणारे हसतात ते वेगळं.

प्र. गाणारे कुठल्या टेम्परामेंटमध्ये गातात?

कुठल्याच नाही, आणि हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी चिंता जाते.

एर्कोले बोत्रिगारीने १५९४ साली व्हेनिसमध्ये इल देसिदेरिओ नावाचा संवाद छापला, त्याचा विषयच हा की एवढी वाद्यं एकत्र वाजतात तेव्हा बेसूर का होतं. त्याने वाद्यांचे तीन गट पाडले. ऑर्गन-हार्प्सिकॉर्ड, एकदा जुळवले की ठाम. ल्यूट आणि व्हायोल ठाम, पण वाजवणारा बोटाने थोडं इकडेतिकडे करू शकतो. आणि ट्रॉम्बोनसारखी, ना पडदे ना भोकं असलेली वाद्यं, पूर्ण मोकळी; माणसाचा गळा याच जातीचा. चारशे वर्षं झाली, यापेक्षा नीट मांडणी माझ्या बघण्यात नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की जुळवून घ्यायची ताकद गाणाऱ्याकडे जास्त आणि ल्यूटकडे कमी, पण गाणाऱ्याने कशाशी जुळवून घ्यायचं ते ल्यूट ठरवते. चांगला गायक खर्ज आणि पंचम ऐकतो आणि त्यावर गंधार स्वतः लावतो, शुद्धच्या जवळपास. त्याच वेळी ल्यूटवाला ४०० सेंटवरचा गंधार ठणकन वाजवत असेल तर एकतर दोघांचे सूर घासतात किंवा गायक बिचारा साथीकडे ओढला जाऊन चढा गायला लागतो. म्हणून माझा पहिला नियम, टेम्परामेंटच्या आधीचा: गाण्यात ज्या क्षणी गळ्यात गंधार आहे त्या क्षणी ल्यूटवरचा गंधार गाळा किंवा अगदी हलका छेडा. कॉर्ड उलगडून वाजवत असाल तर तो सगळ्यात शेवटी आणि हळू येऊ दे. निम्मे झगडे इथेच मिटतात आणि एकही पडदा हलवावा लागत नाही.

अजून एक, ल्यूटचा आवाज पटकन विरतो. ऑर्गनवर चढा गंधार चार मात्रा लहरत राहतो, ल्यूटवर तोपर्यंत आवाजच संपलेला असतो. त्यामुळे कागदावर भयानक दिसणारी जुळणी कानाला खपून जाते. आणि गाणाऱ्याचा व्हायब्रेटो रुंद असेल तर ही अख्खी चर्चा गैरलागू, सूर आधी एका जागी थांबायला तर हवा.

प्र. मोकळ्या तारा कशा जुळवायच्या? मी सगळे सा-म शुद्ध लावतो तरी काहीतरी चुकतं.

तेच तर चुकतं. शुद्ध सा-म ४९८ सेंट. असे चार झाले १९९२. वरची जी आणि खालची जी यांच्यात दोन सप्तकं हवीत, म्हणजे २४००. उरले ४०८, आणि ते सगळे जाऊन पडले मधल्या एफ-ए या सा-ग वर. तो गंधार पियानोपेक्षाही चढा, ऐकवत नाही. गिटारवरून आलेल्या लोकांची ही नेहमीची खोड, कारण शुद्ध सा-म कानाने लावायला सोपा असतो आणि लावल्यावर छान वाटतं.

प्रत्येक सा-म किंचित मोठा लावा. सिक्स्थ कॉमासाठी तो साधारण ५०१.६ सेंट, चारांचे झाले २००६.५, मधे उरला ३९३.५ चा गंधार, एकदम ठीक. ट्यूनर असेल तर ए ला शून्य धरा, डी +२ च्या थोडा खाली, जी +३, सी +५, एफ +६.५, बस. क्वार्टर कॉमा हवा असेल तर साधारण दुप्पट करा: डी +३.५, जी +७, सी +१०, एफ +१४ च्या किंचित खाली. पण क्वार्टर कॉमा ल्यूटवर मी शक्यतो टाळतो, त्यात लहान अर्धस्वर ७६ आणि मोठा ११७, एवढी दरी एका पडद्याने भरून निघत नाही. एखाददुसऱ्या साध्या गाण्यात जमलं तर जमलं.

कानाने लावायचं असेल तर आधी एफ-ए हा गंधार गोड होईपर्यंत लावा, मग बाहेरच्या बाजूला जा. उलट क्रमाने गेलात की परत तेच भोवतं.

प्र. पडदे कुठे ठेवायचे, एकेक सांगता का?

जी ल्यूट आणि सिक्स्थ कॉमा धरून सांगतो.

दुसरा पडदा सोपा. त्यावर येणारे सगळे सूर मोकळ्या तारेपासून पूर्ण स्वराच्या अंतरावर (खालच्या तारेपासून वर: ए, डी, जी, बी, ई, ए), भांडण नाही, इक्वलपेक्षा केसभर नटकडे, १९७ सेंटला. पाचवा आणि सातवाही असेच शहाणे. चौथा पडदा माझा सगळ्यात लाडका, कारण त्यावर सगळ्या तारांचे गंधारच येतात: बी, ई, ए, सी शार्प, एफ शार्प, बी. सगळ्यांना खाली जायचंय, कुणाची तक्रार नाही, म्हणून तो बिनधास्त नटकडे सरकवा, ३९३ पर्यंत. काहीही इतर न करता फक्त एवढं केलं तरी ल्यूट लगेच गोड वाटायला लागते आणि मला वाटतं मिलानही असंच काहीतरी सांगत असणार.

सहावा पडदा बहुतेक शार्पच देतो, म्हणून तोही नटकडे, ५९० च्या आसपास. ए तारेवरचा ई फ्लॅट त्यात मार खातो पण तो दुसरीकडे मिळतो.

तिसरा पडदा कटकटीचा. त्यावर बी फ्लॅट, ई फ्लॅट, वरचा सी, वरचा एफ, ह्यांना सगळ्यांना वर जायचंय, ३०५ ला. पण एफ तारेवर तिसऱ्या पडद्यात ए फ्लॅटही येतो आणि जी शार्पही, आणि जी शार्प हवा असेल तर तो जवळजवळ २० सेंट चढा वाजतो. पहिल्या पडद्याची गोष्ट वर झालीच.

प्र. एखादं खरं गाणं घेऊन दाखवा.

डाउलंडचं फ्लो माय टिअर्स घ्या, १६०० साली छापलेलं, बहुतेक प्रत्येक जण हे गातोच. जी ल्यूटवर ते ए मायनरमध्ये पडतं. म्हणजे वरचा सी आणि वरचा एफ सारखे लागतात, दोन्ही तिसऱ्या पडद्यावर, दोघांनाही पडदा वर हवाय. आणि मुक्कामाला येताना ई मेजर कॉर्ड, ज्यातला जी शार्प एफ तारेवर तिसऱ्याच पडद्यात. वर गाणाऱ्याच्या ओळीतही जी शार्प येतो आणि तो गायक आपल्या कानाने लावणार.

मी काय करतो: तिसरा पडदा ३०० च्या आसपास, म्हणजे मधोमध ठेवतो, फ्लॅट या गाण्यात फारसे नाहीत त्यामुळे त्यांची पर्वा करत नाही. जी शार्प दाबताना बोटाने तार किंचित घोडीच्या दिशेला ढकलतो, त्याने तारेचा ताण सैल होऊन सूर काही सेंट उतरतो. आतड्याच्या किंवा नायलगटच्या (आतड्यासारखी बोलणारी कृत्रिम तार) तारेवर हे छान होतं, ताठ कार्बनवर कमी. आणि गायकाचा जी शार्प चालू असेल तर माझा जवळजवळ ऐकूच येणार नाही एवढा हलका. पहिला पडदा या गाण्यात शार्पच्या बाजूला ठेवला तरी चालतो. पुढचं गाणं जी मायनरमधलं असेल तर मात्र पहिला पडदा परत लांब न्यायचा, त्याला दहा सेकंद पुरतात, तेवढ्यात गाणाऱ्याने पाणी प्यावं.

म्हणून कार्यक्रम ठरवताना गाण्यांचा क्रम कवितेच्या मूडवर लावतात तसा थोडा पडद्यांवरही लावा. फ्लॅटवाली एकत्र, शार्पवाली एकत्र. गाणाऱ्यांना हे ऐकून राग येतो पण एकदा करून बघितलं की परत मागतात.

प्र. गाणारी म्हणते माझा शेवटून दुसरा सूर तुझ्याशी भांडतो. कुणाचं चुकलं?

बहुधा निषादाची गोष्ट आहे. हल्लीच्या शिक्षणात षड्जाला जाताना निषाद चढा लावायला शिकवतात, ओढ वाटते म्हणून. मीनटोनमध्ये तोच सूर खालच्या पंचमाचा गंधार असतो आणि तो उतरलेला हवा. दोघं आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र बेसूर. तिला नुसता पंचमाचा खर्ज आणि त्याचा पंचम देऊन तो सूर दोनचार वेळा लांब धरायला सांगा, आपोआप खाली येऊन बसतो. बोलून समजावत बसू नका, गाणाऱ्यांना सेंट सांगितले की गळा आवळतो.

प्र. सोबत हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गनही असेल तर?

तर तुमचं मत कुणी विचारत नाही, कीबोर्ड जसं जुळलंय तसं तुम्ही जुळवायचं. ते क्वार्टर कॉमात असेल आणि तुम्ही इक्वलमध्ये, आणि ए दोघांचा एक, तर सी शार्पमध्ये १४ सेंटचा फरक, बी फ्लॅट आणि जी शार्पमध्ये १७, ई फ्लॅटमध्ये २०. विचेंतिनो ज्याबद्दल कुरकुरत होता ते हेच. आधी विचारून घ्या टेम्परामेंट कुठलं आणि शार्प-फ्लॅट कुठले जुळवलेत (जी शार्प आहे की ए फ्लॅट, कारण पट्टी एकच). मग मोकळ्या तारा ट्यूनरवर नाही, थेट कीबोर्डवरून घ्या आणि चौथा पडदा तिथल्या गंधाराशी मिळवा. जिथे जमत नाही ते सूर सोडून द्या, कीबोर्ड वाजवतंयच की.

प्र. थिओर्बोवर हाच सगळा हिशेब का?

थिओर्बो म्हणजे लांब मानेची मोठी ल्यूट, खर्जाच्या जादा तारांची. तत्त्व तेच, पण थोडं सुखाचं. काच्चिनी या इटालियन गायक-संगीतकाराने १६०२ च्या गाण्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत म्हटलंय की गळ्याला, त्यातही टेनरला, साथ करायला कितारोने सगळ्यात योग्य, म्हणजे हेच वाद्य. पडद्यांवरच्या तारा लांब, ८५ सेमीच्या धरल्या तर पहिल्या पडद्याच्या त्या दोन जागांत ६ ऐवजी ९ मिमीचं अंतर पडतं, त्यामुळे टास्टिनो लावायला ऐसपैस जागा. वरच्या दोन तारा एक सप्तक खाली लावलेल्या असल्याने सगळे सूर गाणाऱ्याच्या खालीच राहतात, गळ्याशी घासायला वर कुणी नसतंच. आणि लांब खर्जाच्या तारांना पडदे नाहीत, त्या प्रत्येक गाण्याआधी हव्या तशा, एफ की एफ शार्प, बी की बी फ्लॅट, आणि हव्या तितक्या शुद्ध लावता येतात. फक्त लावायचं लक्षात राहिलं पाहिजे.

प्र. ४१५ की ४४०?

गाणाऱ्याला विचारा. हे आकडे म्हणजे ए हा सूर किती हर्ट्झवर धरायचा. ४१५ म्हणजे ४४० पासून जवळजवळ बरोबर एक अर्धस्वर खाली, आजच्या लोकांनी सोयीसाठी ठरवलेला आकडा, त्यात पवित्र काही नाही. १६०३ साली थॉमस रॉबिन्सन शिकणाऱ्याला सांगतो की वरची तार तुटायची भीती वाटेल इतकी चढवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा. म्हणजे पट्टी वाद्याच्या लांबीने आणि तारेच्या ताकदीने ठरायची. ६० सेमीच्या ल्यूटवर ४४० चा जी म्हणजे आतड्याची तार जवळजवळ तिच्या मर्यादेला पोचते. गळ्याला पट्टी जड जात असेल तर मोठी ल्यूट घ्या, एफ किंवा ई मधली, बोटं तीच राहतात आणि आवाज खाली येतो. लहान ल्यूटच्या तारा दोन-तीन अर्धस्वर सैल सोडू नका, ढिल्या तारेवर दाबल्यावर सूर जास्त चढतो आणि मग वरचं सगळं गणित वाया.

प्र. तारा कुठल्या? आतड्याच्या हव्यातच का?

आतड्याच्या तारेचा आवाज सगळ्यात सुंदर आणि स्वभाव सगळ्यात वाईट. दमट हवेत ती हलते, कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. नायलगट बऱ्यापैकी मधला मार्ग, पण ती तापमानाला हळवी, स्टेजवरचे दिवे लागले की उतरते. जोडतारेतल्या दोन तारांपैकी एक जुनी झाली की दाबल्यावर दोघी वेगळ्या बोलतात, मोकळ्या असताना एक असतात. याला टेम्परामेंट जबाबदार नाही, तार बदला.

जुन्यांनीही हे भोगलंय. थॉमस मेस १६७६ साली सांगतो की दिवसा ल्यूट वापरात नसेल तेव्हा रोजच्या वापरातल्या बिछान्यात पांघरुणाखाली ठेवा, मात्र चादरींच्या मधे नको, त्या दमट असू शकतात. आणि योहान मॅटेसनने १७१३ साली टोमणा मारला की ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवाल्याची साठ वर्षं जुळवण्यातच गेली असणार. त्याला बॅरन नावाच्या ल्यूटवाल्याने १७२७ साली आख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं, यावरून टोमणा किती लागला असेल बघा.

प्र. आपल्या बावीस श्रुतींशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही. आपल्याकडे खर्ज हलत नाही, कॉर्ड बदलत नाहीत, त्यामुळे एका सुराला दोन कामं करावी लागत नाहीत आणि तडजोडीची गरजच पडत नाही. ल्यूटची अडचणच ही की पायाचा सूर दर दोन मात्रांनी बदलतो.

प्रश्न मात्र सारखा उभा राहिलाय, ठाम सुरांचं वाद्य गळ्याला साथ करायला आलं तेव्हा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची मापं काढून १९१० साली पुस्तक केलं, क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुती हार्मोनियमचा खटाटोप झाला, आणि १९४० साली रेडिओने हार्मोनियमच बंद केलं. त्या वादातले बरेच मुद्दे विचेंतिनो आणि गॅलिलेईच्या काळातल्या वादाला चिकटवले तर ओळखू येणार नाहीत. आणि तंबोऱ्यावर गायलेल्या माणसाला ल्यूटवर गाताना खरंच फायदा होतो, त्याचा गंधार आधीच जागेवर असतो.

प्र. फोनवरचं ट्यूनर ॲप चालेल?

मोकळ्या तारांसाठी हो, ज्यात टेम्परामेंट निवडता येतं आणि मूळ सूर ए ऐवजी दुसराही धरता येतो असं घ्या. पडद्यांसाठी सावध, कारण ॲप बघताना माणूस जास्त जोरात दाबतो. नेहमी वाजवता तसंच दाबा, मग बघा. शेवटचा निवाडा कॉर्ड वाजवूनच.

प्र. गाणारा हळूहळू उतरत गेला तर मी पण उतरायचं का?

कसं उतरणार, मोकळ्या तारा आहेत. दोन कडव्यांच्या मधल्या तुकड्यात खर्ज आणि पंचम ठळक वाजवा, गंधार न घेता. बहुतेक जण तिथे परत सापडतात. दर वेळी ठराविक जागीच उतरत असेल तर त्या जागी तुमचा एखादा सूर चढा आहे का ते आधी तपासा, कारण काही गायक चढ्या गंधाराला कंटाळून खाली सटकतात.

प्र. कार्यक्रमात किती वेळ जुळवायचं?

हॉलमध्ये अर्धा-पाऊण तास आधी जाऊन वाद्य खोक्यातून काढून नुसतं ठेवा, त्याला तिथली हवा लागू दे, मग जुळवा. पडदे सरकवायचे ते गाण्यांच्या मधे, तारा जुळवायच्या त्या पडदे सरकवून झाल्यावर. मधे गाणाऱ्याला कवितेबद्दल दोन वाक्यं बोलायला लावा, आणि ती बोलत असताना तुमचं जुळवणं हळू, माइकपासून लांब, खर्जाच्या तारा शेवटी.